बेटाचा अर्थमंत्री

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत
मी हजेरी नी पगारपत्रक बघतो.
रात्री अनगोळच्या खोलीत
जेवणाचं ताट बाजूला सरकवून
एका देशाचा अर्थमंत्री होतो.

देशाचं नाव सोनवल.
नकाशा काढायची पाळी माझ्यावर आली तेव्हा
चहूबाजूंनी समुद्र ठेवला.
बेळगावचा माणूस
जमिनीवर आपल्या हातानं रेघ ओढत नाही.

पक्षाचं नाव उदीम पक्ष, चिन्ह तागडी.
जाहीरनामा निपाणीच्या पद्मजा मगदूमनं लिहिला,
तिच्या घरची तंबाखूची वखार आहे.
परवाना एका खिडकीत, एका दिवसात.
कर आठ टक्के, त्याच्यावर देवालासुद्धा नाही.
किमान वेतन रद्द, बाजार ठरवील.
हे शेवटचं कलम मीच घातलं,
वर दोन ओळींचं भाषण ठोकलं.

राजभाषेचा रकाना तेवढा राहिला.
तो भरल्याशिवाय खेळ पुढं सरकत नाही.
तीन रात्री आम्ही सगळे
त्या रिकाम्या चौकटीभोवती
शेजारच्या भांडणात उभं राहावं तसे
हाताची घडी घालून.
शेवटी मी लिहिलं: आकडे.
धंद्याला आणखी काय लागतं?
गोकाकचा रुद्रगौडा, आमचा सरचिटणीस,
त्यानं तिथंच विचारलं,
"होय की. खरं, कुठल्या लिपीतले?"

हसलो. मग बराच वेळ
कुणीच काही लिहिलं नाही.
खिडकीखालून शेवटची बस गेली.
तिच्या पाटीवरचा नंबर मला वाचता येतो,
आईला अजून येत नाही,
ती ड्रायव्हरला विचारूनच चढते.

निवडणूक जिंकलो,
एकशे चाळिसांत एक्क्याण्णव.
कलम लागू केलं त्याच रात्री.
उत्पादनाचा बाण सरळ वर,
आणि डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत,
कामगार समाधान: उणे चार.
चारच.
मी झेंड्याचा रंग बदलायला घेतला.

सकाळी भरमा टेबलाशी.
साच्याची काळी वाळू भुवयांत,
उजव्या तळहाताला फडकं.
"ॲडव्हान्स पाहिजे होता सायेब,
पोरीला कॉलेजात घालूलोय."
मी रजिस्टर उघडलं, मागचे दोन हप्ते बाकी.
मालकांचा नियम तोंडपाठ होता,
टाईप मीच केलेला.
"मार्च संपू दे," म्हटलं.
"होय की," म्हणाला, आणि लगेच गेला नाही.
पंख्यानं एक कागद उडायला लागला होता,
त्यावर बोट ठेवून उभा राहिला
मला टाचणी सापडेपर्यंत.
मग भट्टीकडं गेला.
कागदावर काळा ठसा राहिला,
तो तसाच फाईलला लावला.

रात्री सोनवलात विरोधकांचा प्रश्न:
त्या उणे चारमध्ये कोण कोण येतं?
पद्मजानं उत्तर तयार ठेवलेलं,
सरासरी, तक्ता, शेजारच्या देशांशी तुलना.
माझी सही तेवढी बाकी.
चोवीस तासांत दिली नाही
तर मंत्र्याचं खातं जातं.

मी नियमांच्या पानांवर शोधत बसलो,
या देशात माणसांना नावं देता येतात का.
येत नाहीत.
नदीला येतं, बंदराला येतं, जहाजांना येतं.
एका मालवाहू बोटीचं नाव पुसून
मी भरमा ठेवलं.
ती बेटाभोवती फिरत राहिली.
धक्के आम्ही कंपनीला विकलेत,
तिथलं भाडं तिला परवडत नाही.

दोन वाजले.
रुद्रगौडा जागाच होता,
विचारत होता, काय करूलैस?

सहीला अजून सहा तास आहेत.